कानात हेडफोन घालून गटकार्य होत नाही : संगणक साहित्य खरेदी समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
संगणक साहित्य खरेदी समिती,
प्राथमिक शिक्षण विभाग, जिल्हा परिषद.

विषय : ‘डिजिटल वर्ग’ निविदेच्या मसुद्यातील तांत्रिक तपशील बदलण्याबाबत.

महोदय, महोदया,

हरकती व सूचनांसाठी आपण खुला केलेला मसुदा आम्ही वाचला. प्रस्तावनेत ‘सहयोगी अध्ययन’, ‘गटकार्य’, ‘मुलांमधील संवाद’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. तांत्रिक तपशील सुरू झाला की ते गायब होतात. तिथे वर्गाला ३६ टॅब, ३६ हेडफोन, एक चार्जिंगचे कपाट, एक राऊटर, प्रत्येक मुलाचे वेगळे लॉगिन आणि इंटरनेटवरून चालणारे सॉफ्टवेअर एवढेच उरते. भरीला एक अट आहे : टॅबचा आपसात संपर्क होता कामा नये. प्रस्तावनेने जे मागितले, त्याला तपशिलाने कलमागून कलम बंदी घातली आहे.

आम्ही शाळांत संगणक शिकवणारे शिक्षक आणि लॅब सांभाळणारे तंत्रज्ञ. हे साहित्य आमच्या सहीने जडवस्तू नोंदवहीत चढणार. फुटले तर खुलासा आम्ही द्यायचा आणि वापरले नाही तरी आम्हीच द्यायचा. निविदेची सही एकदाच होते, तिच्याखाली पुढची पाच वर्षे आम्ही आणि मुले वावरतो. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि उघड, कारण पालकांनीही ते वाचावे असे वाटते.

आधी एक गैरसमज दूर करू. टॅबला आमचा विरोध नाही. एकेकट्या मुलाने स्वतःच्या गतीने सराव करण्यालाही नाही. पण त्यासाठी नेटवर्क लागतच नाही, साधे मेमरी कार्ड पुरते. वर्गातली यंत्रे एकमेकांना जोडायची असतील, तर त्या जोडणीने मुले एकमेकांकडे वळली पाहिजेत. तेवढ्यासाठीच तिचा खर्च करण्यात अर्थ आहे.

म्हणजे काय, ते पाचवीच्या एका तासिकेवरून दाखवतो. विषय अपूर्णांकांची तुलना. चार मुलांचा एक गट, समोर २१ इंची एकच पडदा, एकच छोटा संगणक आणि चार माऊस. पडद्यावर चार रंगांचे चार बाण. लाल बाणवालीला ३/८ चे कार्ड, निळ्याला २/५, हिरव्याला १/२, पिवळ्याला ५/९. लहानाकडून मोठ्याकडे ओळ लावायची. अट एकच : आपले कार्ड आपणच हलवायचे, दुसऱ्याच्या कार्डाला बाण लावला तरी ते हलत नाही. चौघांनी ‘ठरलं’ दाबल्याशिवाय उत्तर पुढे जात नाही.

आता पाहा काय होते. निम्म्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे हे मुले पटकन वेगळे करतात, १/२ मधे बसतो, ५/९ त्याच्या पुढे जातो. अडते ते २/५ आणि ३/८ पाशी. “तीन मोठे, आठ पण मोठा, मग तीन-अष्टमांश मोठा” असे एक जण म्हणणार. “आठ तुकडे केले तर तुकडा लहान होतो ना” असे दुसरी म्हणणार. दोघांचे म्हणणे अर्धे-अर्धे आहे, आणि तिसऱ्याला ते पटवायचे तर चाळीसचा छेद करून १६ आणि १५ लिहून दाखवावे लागते. ते वहीत होते, पडद्यावर नाही. ओळ चुकली तर यंत्र कोणते कार्ड चुकले ते सांगत नाही. ‘पुन्हा बोला’ एवढेच म्हणते. यंत्राने चूक दाखवली की भांडण मिटते, आणि इथे तर भांडणच हवे आहे.

यात नेटवर्क कुठे आले? तीन ठिकाणी. नऊ गटांना नऊ वेगळे संच वाटणे, म्हणजे शेजारच्या टेबलावरून उत्तर उचलता येत नाही. कोणत्या गटाने किती वेळा ‘ठरलं’ दाबले आणि कुठे अडला, हे बाईंच्या पडद्यावर त्याच क्षणी दाखवणे. आणि शेवटी एका गटाची ओळ दुसऱ्याकडे पाठवणे : ‘यांचे बरोबर आहे का, कारण सांगा.’ बाकी सगळे काम तोंडाने होते.

बाईंच्या पडद्याबद्दल थोडे अधिक, कारण मसुद्यात तो ‘नियंत्रण कक्ष’ या नावाने आला आहे आणि त्यातून टॅब कुलूपबंद करण्याखेरीज काही करता येत नाही. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या तासाला एक साधी रीत रुळवली : प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी बोलायचे आणि पुन्हा नोंदवायचे. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली तर चर्चा घडवण्यात अर्थ. त्याहून कमी आली तर शिक्षकाने पुन्हा समजावायचे, जास्त आली तर पुढे जायचे. शिक्षकाला पडदा हवा तो हा निर्णय घेण्यासाठी. नऊ ओळींचा एक तक्ता पुरतो. रंगीत आलेख नकोत.

हे सगळे परदेशातल्या श्रीमंत वर्गांचे लाड आहेत असे म्हटले जाईल, म्हणून आपल्या देशातले उदाहरण. एका संगणकाभोवती पाच मुले, माऊस एकाच्या हातात आणि बाकी चौघे खांद्यावरून डोकावतात, हे दृश्य आपल्याकडच्या कोणत्याही शाळेत दिसते. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी नेमके ते पाहून एका संगणकाला अनेक माऊस आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा बाण, अशी सोय केली. २००७ साली त्यांनी मांडलेल्या प्रयोगात ग्रामीण भागातली गरीब घरांतली २३८ मुले होती. काम होते इंग्रजी शब्द लक्षात ठेवण्याचे. पाच मुलांना मिळून एक संगणक पण प्रत्येकाला आपला माऊस, अशा गटांत मुले एकूण तेवढेच शब्द शिकली, जेवढे स्वतंत्र संगणक मिळालेली मुले शिकली. एका यंत्राचे काम पाचपट झाले ते माऊसच्या खर्चात.

त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट आपल्या समितीने अधोरेखित करावी. त्यांनी खेळाचे दोन प्रकार करून पाहिले, एक चढाओढीचा आणि एक सहमतीचा. रचनेतल्या एवढ्याशा फरकाने वागणे आणि शिकणे दोन्ही बदलले. मुलांवर, म्हणजे मुलग्यांवर, हा परिणाम ठळक होता. मुलींचे शिकणे सगळ्या प्रकारांत सारखेच राहिले. तेव्हा ‘मल्टी-माऊसची सोय असावी’ एवढे निविदेत लिहून भागणार नाही. उत्तर कधी स्वीकारले जाते, पहिल्याने दाबल्यावर की सगळ्यांनी दाबल्यावर, हे तपशिलात असले पाहिजे.

चिलीमध्ये मिगेल नुसबाउम यांच्या गटाने सहा-सात वर्षांच्या मुलांना तिघातिघांत बसवून हातात मावणारी, बिनतारी जोडलेली यंत्रे दिली. २००४ साली त्यांनी ते काम मांडले. यंत्रे देण्याआधी त्यांनी तेच खेळ यंत्राविना घेऊन पाहिले आणि गटकार्य कुठे मोडते याची यादी केली : कोणाची पाळी ते कळत नाही, साहित्य विस्कटते, एकजण ठरवतो आणि बाकीचे मान हलवतात. मग नेटवर्कला नेमकी तीच कामे नेमून दिली. आपल्या मसुद्यात हा क्रम उलटा आहे. यंत्रे आधी ठरली, शिकवणे नंतर बघू.

आणि आपल्याच राज्यातले खैरात. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळचे हे गाव, तिथल्या प्राथमिक शाळेत २००७ मध्ये ‘एका मुलास एक लॅपटॉप’ प्रकल्पाचे २२ लॅपटॉप आले. प्रत्येक मुलाला स्वतंत्र यंत्र देणारा हा प्रकल्प, तरी त्याच्या रचनेत यंत्रे राऊटरशिवाय एकमेकांशी थेट जोडली जात, पडद्यावर ‘शेजार’ दिसे आणि दोन मुले एकाच लेखावर एकत्र काम करू शकत. त्या लॅपटॉपवर टीका पुष्कळ झाली, काही रास्तही. पण मुलांची यंत्रे एकमेकांना दिसलीच पाहिजेत, हे त्यांनी २००७ मध्ये धरून ठेवले होते. आपला मसुदा तेच तोडायला निघाला आहे.

आता कलमांकडे.

हेडफोनचे कलम. ३६ हेडफोन घेण्याचे कारण ‘वर्गात गोंगाट होऊ नये’ असे दिले आहे. नऊ गट बोलू लागले की गोंगाट होणारच, आणि पत्र्याच्या छताखाली तो घुमतो हेही खरे. त्यावर उपाय आहेत : दोन भिंतींना जाड पडदे, खाली सतरंजी, टेबलांत हात पसरता येईल एवढे अंतर, आणि संगणकाचा पडदा भिंतीकडे असा ठेवायचा की चौघे त्याच्यासमोर अर्धगोलात बसतील. कान बंद करणे हा गोंगाटावरचा उपाय नव्हे, तो गटकार्यावरचा उपाय आहे. ऐकण्याच्या सरावासाठी वर्गाला चार हेडफोन पुरतात. शिवाय हेडफोनची वायर पिनेपाशी तुटते ती पहिल्या सत्रातच, आणि मसुद्यातल्या देखभाल करारात ‘उपभोग्य वस्तू वगळून’ असे लिहून पुरवठादाराने ते आधीच अंगाबाहेर टाकले आहे.

यंत्रांचा आपसातला संपर्क तोडण्याचे कलम. राऊटरमध्ये ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाची सोय असते, हॉटेलात किंवा स्थानकावर अनोळखी माणसांचे फोन एकमेकांपासून वेगळे ठेवायला. तिथे ती योग्यच. वर्गात ती चालू ठेवली की टॅबवरून टॅबला काहीही पाठवता येत नाही. काही राऊटरांत ‘गेस्ट’, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवरून वायरने जोडलेल्या सर्व्हरपर्यंतसुद्धा (सगळ्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या मुख्य संगणकापर्यंत) पोहोचता येत नाही, आणि मग ‘सॉफ्टवेअर बिघडले’ अशी तक्रार महिनाभर फिरत राहते. सुरक्षेची काळजी रास्त आहे. तिच्यासाठी वर्गाचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवा आणि बाहेर जाणाऱ्या रहदारीला गाळणी लावा. मुलांना एकमेकांपासून वेगळे ठेवून कोणती सुरक्षा साधते, ते मसुदा सांगत नाही.

सॉफ्टवेअर ‘पूर्णतः क्लाउडवर’, म्हणजे इंटरनेटपलीकडच्या दूरच्या संगणकांवर असण्याचे कलम. रस्त्याच्या कामात फायबर तुटली की जोडणी किती दिवसांनी येते, हे समितीतल्या प्रत्येकाला आपापल्या कार्यालयातून माहीत आहे. तास त्या दिवशीही झाला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक शाळेत एक स्थानिक सर्व्हर हवा. हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आठ जीबी रॅम आणि माहिती साठवायला २५६ जीबी एसएसडी असलेला डब्याएवढा मिनी पीसी नऊ गटांना आरामात पुरतो. रास्पबेरी पायसारखे छोटे बोर्डही चालते, पण दोन पथ्ये पाळून. मेमरी कार्डावर चालवू नका, वीज अचानक गेली की ते कार्ड खराब होते. एसएसडी लावा. आणि ज्या बोर्डात बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही त्याला वेगळे घड्याळ-मॉड्युल बसवा, नाणेवजा सेलवर चालते. नाहीतर वीज आल्यावर सर्व्हरची तारीख मागची राहते, इंटरनेट नसल्याने ती दुरुस्त होत नाही, त्याने दिलेले लॉगिन टॅबला ‘मुदत संपलेले’ वाटू शकते आणि मग एकही टॅब आत येत नाही. सगळे यंत्र ठणठणीत, फक्त तारीख चुकलेली. याचे निदान व्हायला दिवस जातात. व्हिडिओ आणि वाचनसाहित्य साठवायला कोलिब्रीसारखे मोफत सॉफ्टवेअर आहे, इंटरनेटशिवाय चालते. तो मात्र मुख्यतः एकेकट्याने शिकण्यासाठीचा साठा आहे. गटाचे खेळ त्यावर आपोआप मिळतील असे कुणी सांगितले तर प्रात्यक्षिक मागा.

वाय-फायचे कलम तर एका ओळीत संपले आहे : ‘एक राऊटर, ३०० एमबीपीएस’. खोक्यावरचा तो आकडा ३६ यंत्रांना काही सांगत नाही. घरगुती राऊटर पंधरा-वीस यंत्रांनंतर धापा टाकू लागतो. बाजूच्या तीन वर्गांत तसेच तीन राऊटर आणि चारही एकाच चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्टीवर असले, तर कोणाचेच चालत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. म्हणून आमचे म्हणणे, टेबलावरची नऊ यंत्रे वायरनेच जोडा. कॅट-६ केबल, कोणतीही लांबी ९० मीटरच्या आत, १६ पोर्टचा गिगाबिट स्वीच (सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ते खोके). नऊ गट, एक सर्व्हर, एक शिक्षकाचा संगणक, एक ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे यंत्र) मिळून बारा पोर्ट, चार शिल्लक. छताला लावायचा दोन्ही पट्ट्यांचा ॲक्सेस पॉइंट फक्त वर्गाबाहेर न्यायच्या दहा टॅबसाठी. मैदानावर मोजमाप घेऊन, झाडांची पाने टिपून आणायला ते हवेतच.

त्या टॅबची एक खोड. ज्या वाय-फायवर इंटरनेट नाही, ते अँड्रॉइडला ‘बिघडलेले’ वाटते. टॅबमध्ये सिम असेल तर तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि शाळेचा सर्व्हर ‘सापडत नाही’. सिमची खाच नसलेले टॅब घ्या, आणि ‘इंटरनेट नसले तरी जोडलेले राहा’ ही खूण बसवून देण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाका.

वायर जोडताना दोन चुका हमखास होतात, त्या निविदेच्या परिशिष्टात चित्रासह असाव्यात. पहिली, एकाच केबलची दोन्ही टोके एकाच स्वीचमध्ये खुपसणे. मोकळे टोक दिसले की कुणीतरी सद्भावनेने ते खोचतेच. माहिती गोल गोल फिरत राहते आणि मिनिटभरात सगळी लॅब बंद पडते. लूप ओळखून पोर्ट बंद करणारा स्वीच थोडा महाग पडतो, तो घ्या. दुसरी, इंटरनेट कंपनीचे यंत्र आणि शाळेचा राऊटर दोघांनीही यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणे. मग अर्ध्या यंत्रांना एकाच्या मालिकेतले पत्ते आणि अर्ध्यांना दुसऱ्याच्या, चार गटांना सर्व्हर दिसतो, पाचांना नाही. पत्ते वाटणारा एकच असावा आणि त्याच्यावर तसे ठळक लिहिलेले असावे. शिवाय केबल भिंतीवरून उघडी नेऊ नका, पीव्हीसी पट्टीतून न्या. माऊस किती घ्यायचे यावर चर्चा होते, खऱ्या उंदरांचा विचार निविदेत कुणी करत नाही.

विजेचे कलम आम्हाला सापडलेच नाही. टॅब चार्ज करायच्या कपाटाला प्लग कुठे, एवढाही उल्लेख नाही. मिनी पीसी आणि २१ इंची मॉनिटर मिळून धरा ३५ वॉट. नऊ गटांचे ३१५. सर्व्हर, स्वीच, ॲक्सेस पॉइंट मिळून ४०. म्हणजे साधारण ३५५ वॉट. ६०० व्हीएचा यूपीएस यावर जेमतेम काही मिनिटे टिकेल, म्हणजे फक्त बंद करण्यापुरता. १५० एएचची १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी आणि साइन-वेव्ह इन्व्हर्टर असेल तर बॅटरी नवी असताना तीन तासांच्या आसपास मिळतात. म्हणजे चार तासिका. पण पाणी घालायचे कोणी, कधी, कोणत्या खात्यातून, हे लिहिले नाही तर दोन वर्षांत ती बॅटरी भंगारात जाते. अर्थिंग तपासून दाखला घेतल्याशिवाय एकही खोके फोडू नये. आणि वीजबिल : थकबाकीपायी जोडणी तुटलेल्या शाळेत हे सगळे साहित्य म्हणजे कपाटातली रांगोळी. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत संगणक कक्षासाठी एकरकमी ६.४० लाखांपर्यंत आणि पाच वर्षे दरवर्षी २.४० लाखांपर्यंतची आवर्ती तरतूद आहे, ती सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी. आपल्या पाचवीपर्यंतच्या शाळांना आवर्ती खर्च कुठून मिळणार, ते मसुद्याने स्पष्ट केलेच पाहिजे.

आता सॉफ्टवेअर. मल्टी-माऊस म्हटले की पुरवठादार चार माऊस आणि एक यूएसबी हब देईल आणि बिल लावेल. चार माऊस जोडले तरी विंडोजमध्ये मुळात बाण एकच असतो, चारही हात त्यालाच ओढतात. प्रत्येक माऊस वेगळा ओळखणारे ॲप लागते. लिनक्सच्या एक्स-सर्व्हरमध्ये २००९ पासून अनेक बाणांची सोय आहे, पण ॲपला ती समजली पाहिजे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपला चार माऊस म्हणजे एकच बाण, म्हणून ‘वेब-आधारित’ हा शब्द या कलमातून काढा. माऊस निसटून पुन्हा लावला की यंत्राला तो नवा वाटतो आणि निळा बाण बेवारस होतो. तेव्हा ‘हा माझा माऊस’ असे मधेच पुन्हा सांगण्याचे बटण हवे. बारीकसारीक वाटते, पण त्यावाचून अख्खा गट तास संपेपर्यंत थांबतो.

अक्षरांचा आकारही तपशिलात घाला. चार मुले कडेने बघणार म्हणजे सर्वांत लांबचे डोळे पडद्यापासून पाऊण-एक मीटरवर. इंग्रजीसाठी पुरणारा आकार देवनागरीला पुरत नाही. अनुस्वार आणि रफार पुसट होतात, ‘क्रम’ आणि ‘कर्म’ सारखेच दिसू लागतात. दहा इंची टॅब चौघांत ठेवला तर समोरच्याला सगळे उलटे दिसते, हे वेगळेच. टाइप करून उत्तर द्यायचे खेळ पाचवीपर्यंत टाळावेत. एक मूल कळ शोधते आणि तीन जांभया देतात.

दैनंदिन गुणांचे कलम. प्रत्येक मुलाचा रोजचा स्कोअर तालुक्याच्या डॅशबोर्डवर गेला पाहिजे, अशी अट आहे. या एका अटीने बाकी सगळे ठरून जाते. गटात ठरलेले उत्तर कोणाच्या नावावर टाकायचे? रकाना नाही, म्हणून गटच करायचा नाही. गटात एखादे मूल फुकट बसते ही भीती खरी आहे, त्याला उपायही जुना आहे. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनच्या शाळांत, गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले नव्याने एकाच वर्गात येऊन तणाव वाढला तेव्हा, ‘जिगसॉ’ पद्धत काढली. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एकच द्यायचा, आणि चाचणी मात्र सगळ्या धड्यावर, प्रत्येकाची वेगळी. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय भागतच नाही. आपणही तेच करावे. नोंद गटाची ठेवावी, तास संपताना तीन प्रश्नांची चिठ्ठी एकेकट्याने सोडवावी. कागदावर चालेल. डॅशबोर्डला आठवड्यातून एकदा माहिती गेली तर कोणाचे अडत नाही.

प्रशिक्षणाबद्दल : ‘पुरवठादार अर्ध्या दिवसाचे हस्तांतरण प्रशिक्षण देईल.’ अर्ध्या दिवसात चालू-बंद आणि पासवर्ड होतो. गट कसे पाडायचे, वाचणारा, मांडणारा, शंका काढणारा, वेळ बघणारा अशा भूमिका रोज कशा फिरवायच्या, गप्प बसलेल्या गटापाशी जाऊन काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे पुरवठादाराचे कामच नव्हे. ते जाणणारे लोक याच खात्यात आहेत. सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, पाहायला राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक गेले. जमिनीवर गोल करून बसलेली, बिया-काड्या मांडून एकमेकांना समजावणारी मुले पाहून आले, आपल्या फरशा रंगवल्या. त्याच फरशीवर आता ३६ मुले रांगेत, कान झाकून बसवायची, आणि त्याला पुढचे पाऊल म्हणायचे?

आमच्या मागण्या अशा :

१. ३६ पटाच्या वर्गासाठी तपशील बदलून नऊ मिनी पीसी, नऊ २१ इंची मॉनिटर, ३६ वायरचे माऊस (अधिक नऊ राखीव), एक स्थानिक सर्व्हर, लूप ओळखणारा १६ पोर्टचा स्वीच, एक ॲक्सेस पॉइंट, दहा टॅब आणि चार हेडफोन असा करावा. दोन्ही पर्यायांची दरपत्रके मागवून शेजारी शेजारी प्रसिद्ध करावीत.

२. यंत्रांचा आपसातला संपर्क तोडणारी अट रद्द करावी.

३. इंटरनेटची वायर काढून ठेवून पूर्ण ४० मिनिटांची गट-तासिका चालवून दाखवल्याशिवाय कोणताही पुरवठादार पात्र ठरू नये. वीज एकदा मधेच बंद करून पाहावी.

४. सॉफ्टवेअरमध्ये गट-लॉगिन, सर्वांच्या संमतीनंतरच उत्तर स्वीकारण्याची सोय आणि मराठी अक्षरांचा किमान आकार यांची अट असावी.

५. वैयक्तिक रोजच्या गुणांची अट काढून साप्ताहिक गटनोंद ठेवावी.

६. वायरिंग, अर्थिंग, बॅटरी, वीजबिल आणि माऊस-केबलसारख्या झिजणाऱ्या वस्तूंसाठी पाच वर्षांची तरतूद मूळ रकमेतच दाखवावी. हाताळताना झालेली मोडतोड शिक्षकाच्या पगारातून वसूल होणार नाही, असे लेखी द्यावे. ही भीती आहे तोवर साहित्य कपाटातच राहील, कुलूप कोणीही लावो.

७. प्रशिक्षण किमान दोन दिवसांचे, त्यानंतर प्रत्येक शाळेत निरीक्षणाची एक तासिका, आणि ते अनुभवी शिक्षकांकडून.

या सगळ्या मागण्या एकदम मान्य होणे अवघड असेल, तर दुसरी आणि तिसरी आधी घ्या. त्यांना पैसे लागत नाहीत.

निविदापूर्व बैठकीच्या दिवशी आम्ही प्रात्यक्षिक दाखवायला तयार आहोत. एक खोली, दोन चालू प्लग, एक टेबल आणि जवळच्या शाळेतली पाचवीची चार मुले एवढे मिळाले तर पुरे. संगणक, हब आणि चार माऊस आम्ही आणू. इंटरनेट नको.

आपले,
जिल्ह्यातील संगणक शिक्षक व लॅब तंत्रज्ञ